कुलपात फुंकर

२ फेब्रुवारी, रविवार

लेखन कार्यशाळेचा पहिला दिवस पार पडला. म्हणजे कुणी मधेच उठून गेलं नाही, एवढंच. वाचनालय सांभाळणं वेगळं आणि चार माणसांपुढे बसून "लिहा" म्हणणं वेगळं. समितीचे अध्यक्ष परवानगी देताना हसले होते, "इथे वाचायला कुणी येत नाही, लिहायला कोण येणार?" ते हसू डोक्यातून जात नव्हतं.

आले चौघं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, रिटायर झालेले पोस्टमनकाका, पिठाच्या गिरणीचा मालक आणि माझी शिवणकाम करणारी नणंद. नणंद म्हणाली, "वहिनी, तुला एकटीला बसावं लागू नये म्हणून आलेय." बरं वाटलं आणि रागही आला.

पहिल्याच फटक्यात सगळ्यांच्या कागदावर पहाट झाली. पोस्टमनकाकांची पहाट तर कागद उलटला तरी संपेना. मी शेवटी म्हटलं, पहाट पुरे, आता खोटं लिहा. पण असं खोटं, की ऐकणाऱ्याला शंका यायला नको. गिरणीवाल्याने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. "मग ते जमेल," म्हणाला, "गिऱ्हाइकांशी रोज तेच करतो."

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाजाराचा दिवस. वाचनालयातल्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून किल्लीवाल्याला बोलावलं. दर गुरुवारी तो वजनकाट्याच्या भिंतीला सायकल टेकवून बसतो, काट्यावर नोंदी करणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या केबिनच्या बाहेरच. बुटका, तरुण, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. कानस घासता घासता मला बहिणीच्या लग्नापासून सायकलच्या चेनपर्यंत सगळं ऐकवलं. किल्ली घालण्याआधी कुलपात फुंकर मारतो. मी विचारलं तर म्हणाला, "धूळ असते, बाई. आणि आता सवयच लागलीय."

कपाट उघडलं. डोकं मात्र उठलं माझं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मजा आली. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट रचायची ठरली. सुरुवात मी करायची होती आणि सकाळी भांडी घासताना अचानक सुचली. एक उंच, म्हातारा माणूस गावोगाव किल्ल्या करत फिरतो. तुम्हाला एक करून देतो आणि गुपचूप एक स्वतःला ठेवतो. दुपारी घरातली माणसं कामावर गेली, की येतो. वाकून कुलपात हळूच फुंकर मारतो आणि आत जातो. चोरत काहीच नाही. घरातली एक वस्तू उचलतो, दुसरीकडे ठेवतो आणि निघून जातो.

वाचून मान वर केली. नर्सबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला होता. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझ्या डोक्यात असलं काही असतं?" मला काय छान वाटलं ते कुणाला सांगू? कुठून सुचलं देव जाणे. बाजारातल्या किल्लीवाल्याशी याचा काही संबंध नाही, तो बुटका आणि हा उंच.

मग मी एक युक्ती काढली. तिला नाव दिलं 'पारख'. प्रत्येकाने आठवडाभरात ही गोष्ट कुणातरी एकाला सांगायची, पण गोष्ट म्हणून नाही. पलीकडच्या गावात घडलंय, असं म्हणून. ऐकणाऱ्याच्या कपाळाला कुठे आठी पडते ते बघायचं. जिथे आठी, तिथे गोष्ट कच्ची. रविवारी येऊन ती जागा पक्की करायची. शहरातल्या मोठमोठ्या लेखकांना हे सुचलं नसेल, असं मला उगाच वाटून गेलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पारख भलतीच कामाला आली. पोस्टमनकाकांनी मेव्हण्याला सांगितलं होतं. मेव्हणा म्हणाला, "आणि कुत्रं भुंकलं नाही?" बरोबर आहे. मग आम्ही घातलं, की तो गल्लीत नेहमी बसतो, कुत्र्यांना ओळखीचा आहे. गिरणीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काही चोरीला जात नाही तर कळलं कसं?" मग एका घरी बंद पेटीतली वस्तू बाहेर सापडली, असं घातलं. नर्सबाईंच्या एका पेशंटच्या आईला म्हाताऱ्याचं पटेना. म्हातारा माणूस एवढ्या गावांतून सायकल कसा मारेल? म्हणून तरुण केला.

मी सांगितलं सासूबाईंना. एकदम हुशार ऐकणाऱ्या, कुठे चुकलं तर लगेच पकडतील, असा माझा हिशोब. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. एकही आठी नाही. फक्त विचारलं, "कुठल्या घरात?" मी म्हटलं, नक्की माहीत नाही. त्या उठल्या आणि चपला उलट्यासुलट्या घालून शेजारी गेल्या. मला हसू आवरेना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता. शेवटी खिडकीत सापडला. त्या चष्म्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. चष्मा रोजच हरवतो आणि रोजच खिडकीत नाहीतर देवळीत सापडतो, पण आज त्यांनी तो पदराने पुसून मगच डोळ्यांवर चढवला.

शेजारणीची कात्री हरवलीय म्हणे. समोरच्या घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. गल्लीत हाच विषय. माझी गोष्ट एवढी पोचली याचं मनात कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू.

बाजारात एक बाई कुलूप घेऊन किल्लीवाल्याकडे निघाली होती. तिच्या नवऱ्याने दंडाला धरून तिला मागे ओढलं. ते मात्र मला आवडलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज उंचीवर वाद झाला. मेव्हण्याने काकांना विचारलं होतं, एवढा ताडमाड माणूस दुपारच्या उन्हात कुणाच्या नजरेत कसा येत नाही? मुद्दा बिनतोड. आधी मध्यम केला. मग नणंद म्हणाली, बुटकाच करा, खिडकीखालून सरकायला बरा. बुटका तर बुटका. गोष्टीला काही बाध येत नाही.

गिरणीवाला जाता जाता दारात थांबला. "बाई, तो फुंकर का मारतो?" मी म्हटलं, असंच, सुचलं. तो "बरं" म्हणाला, पण लगेच गेला नाही. चप्पल घालायला त्याने फार वेळ लावला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना नवऱ्याने सांगितलं, की किल्लीवाला आज दिवसभर रिकामा बसला. एक गिऱ्हाईक नाही. दुपारी कुणीतरी त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांत खिळे घातले. तो केबिनमध्ये येऊन नवऱ्याला विचारत होता, "साहेब, माझं काही चुकलं का? सांगा, मी माफी मागतो." नवरा म्हणाला, "मला काय माहीत? पण लोक त्याच्याकडे बघतात ते बरं दिसत नाही मला."

मी जेवण अर्धवट टाकलं. ताटावरून उठले तर सासूबाई म्हणाल्या, "तो मेला आहेच तसा. जाता-येता कुलपांकडे बघतो." कुलपांकडे बघणार नाही तर काय ढगांकडे बघणार? पण हे मी मनात म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांना दुपारीच बोलावलं. गिरणीवाला गिरणी बंद करून आला. नर्सबाई आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, मला वाटलं मी एकटीलाच सांगितलंय." तेच तर. प्रत्येकाने एकालाच सांगितलं होतं. त्या एकाने किती जणांना सांगितलं, याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, आणि पारख माझी.

ठरलं असं, की ज्याने ज्याला सांगितलं त्याने त्याच्याकडेच परत जायचं आणि ती गोष्ट होती, घडलेलं नाही, असं स्पष्ट सांगायचं. उद्याच्या उद्या.

१ मार्च, शनिवार

काही उपयोग नाही.

काकांचा मेव्हणा ऐकून घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला कुणी दम दिला का?" गिरणीतल्या गिऱ्हाइकाने डोळा मारला, "कळलं, कळलं, नाव घेत नाही आम्ही." नर्सबाईंच्या त्या पेशंटच्या आईने तर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही भिऊ नका, आम्ही आहोत."

नणंद डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "वहिनी, खोटं आहे असं कुठून दाखवू? एक भोक तरी ठेवलंय का आपण त्यात?" नाही ठेवलं. दर रविवारी एकेक शोधून बुजवलं.

सगळे जाऊन सांगून आले. मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आज त्यांचं डोकं दुखत होतं. उद्या सांगेन.

३ मार्च, सोमवार

आज सांगणारच होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, ऐकीव नाही हे. आमच्या सूनबाईने स्वतः चौकशी केलीय. शिकलेली आहे, ती कशाला उगाच बोलेल?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल असा अभिमान, जो लग्नापासून कधी दिसला नव्हता. सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे आख्ख्या गल्लीत माझ्या नावावर ही गोष्ट फिरतेय.

हार्डवेअरच्या दुकानापुढे गर्दी असते. घराघरांना दुसरं कुलूप लागलंय. कोपऱ्यावर माणसं काठ्या घेऊन आळीपाळीने बसतात. त्यांत काकांचा मेव्हणा आहे. मला बघून उठून उभा राहिला, मान देऊन. मला भीती वाटते. रस्त्याने चालताना वाटते, चूल पेटवताना वाटते, कुणी "बाई" अशी हाक मारली तरी वाटते. गुरुवारी तो येऊ नये एवढंच वाटतं. नवऱ्याला म्हटलं, त्याला निरोप पाठवता येईल का? तो म्हणाला, कुठल्या गावचा आहे ते कुणाला ठाऊक?

आज साखरेचा डबा खालच्या फळीवर होता. मीच ठेवला असणार.

६ मार्च, गुरुवार

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच यातलं काहीतरी बदलून टाकेन.

तो आला. वजनकाट्याच्या भिंतीला सायकल टेकवून बसला. दुपारी शेजारणीची चिमुरडी दिसेनाशी झाली. आई बाजारात, आजी घरी, पोर अंगणात खेळत होती ती दिसेना. कुणीतरी म्हणालं, मघाशी ती किल्लीवाल्याजवळ उभी होती. बस्स. एवढंच पुरलं.

मी वाचनालयात होते. बाहेर आरडाओरडा ऐकला आणि दारात आले, तेवढ्यात तो माझ्या अंगावर येऊन आदळलाच. शर्ट फाटलेला, कपाळातून रक्त. "बाई, आत घ्या," एवढंच म्हणाला. मी त्याला आत ओढलं, दार लावलं, आतून कडी घातली आणि कडीत कुलूप अडकवलं. कुलूप अडकवताना आपण काय करतोय ते कळलं, पण वेळ नव्हता.

बाहेर लोक जमले. दारावर लाथा बसायला लागल्या. नवऱ्याचा आवाज ओळखू आला, पायरीवर उभा राहून सगळ्यांना मागे लोटत होता, "पोलिसांना बोलवा, हात लावू नका." त्याचं कोण ऐकतंय?

आत आम्ही दोघंच. तो कपाटाला पाठ लावून खाली बसला. हातात कानस तशीच होती, पळताना सोडायची राहिली असेल. मी त्या कानशीकडे बघत होते. त्याला ते दिसलं. त्याने ती सावकाश टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही मला ओळखता ना, बाई?" म्हणाला. "या कपाटाची किल्ली मीच केली."

हो, म्हणायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर माझ्या मनात आलं, किती केल्यास? एक, की दोन? मी. जिने ती जास्तीची किल्ली रचली तीच मी. माझीच पाचावर धारण बसली होती आणि ती बाहेरच्या गर्दीमुळे नव्हती, याच्यामुळे.

तो म्हणाला, "ते सांगतात तो माणूस कुलपात फुंकर मारतो म्हणे. इथे मीच मारतो. तेवढ्यावरून धरलं मला. बाकी काय म्हणतात ते मला समजतही नाही." आणि मान खाली घालून रडायला लागला. मोठ्याने नाही. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

मी कडीचं कुलूप काढलं. तो "नको, नको" करत होता. मी बाहेर पायरीवर आले आणि दार पाठीने धरून उभी राहिले. समोर सगळी ओळखीची माणसं. पुस्तकं बदलायला येणारी, काट्यावर वजन करायला येणारी. पुढच्याच रांगेत सासूबाई, पदर खोचून.

"ती गोष्ट आहे," मी म्हटलं. मग पुन्हा मोठ्याने म्हटलं. "मी रचली. भांडी घासताना सुचली. असं कुठल्याच गावात झालेलं नाही."

सासूबाईंनीच विचारलं, "मग माझा चष्मा कुणी हलवला?"

"आई, तुमचा चष्मा रोज हरवतो."

मागे कुणीतरी फसकन हसलं. पण काकांचा मेव्हणा पुढे आला. "बाई घाबरल्यात. त्याने आत काय धमकी दिली कोण जाणे. बाजूला व्हा बाई. पोर कुठे आहे ते त्यालाच विचारतो." त्याने काठी उचलली. मला बाजूला व्हावंसं वाटलं. खरंच वाटलं. पाय बाजूला सरकलासुद्धा.

तेवढ्यात मागून गिरणीवाला ओरडत आला. खांद्यावर पोर. नखशिखांत पांढरी, झोपेतून उठवलेली, भोकाड पसरलेली. गिरणीतल्या पोत्यांच्या मागे जाऊन झोपली होती. तिच्या आईने तिला हिसकावून घेतलं आणि आधी एक धपाटा घातला.

मला वाटलं, संपलं. पण मेव्हण्याची काठी वरच होती. "पोर मिळाली, ठीक. बाकीच्या घरांचं काय?"

मग पोस्टमनकाका पुढे आले. म्हातारा माणूस. मेव्हण्यासमोर उभे राहून म्हणाले, "कुत्र्याचं तू विचारलंस म्हणून आम्ही कुत्रं घातलं. आधी तो उंच होता. उंच माणूस लपेल कसा, असं तू म्हणालास, म्हणून बुटका केला. तुझ्यामुळेच केला." नर्सबाई गर्दीतून त्या पेशंटच्या आईला शोधून तिच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "तो आधी म्हातारा होता. तुम्हाला पटेना म्हणून आम्ही तरुण केला." गिरणीवाल्याने पेटीचं सांगितलं. नणंदेने खिडकीचं. एकेक जण ज्याला फसवलं त्याच्या तोंडावर सांगत होता.

आणि माझी पाळी आली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "आई, तुमच्या कपाळाला आठी पडते का बघायला सांगितलं होतं. बाकी काही नाही." त्यांनी पदर सोडला. लोकांकडे न बघता घराच्या दिशेने चालू लागल्या.

मेव्हणा काकांना म्हणाला, "माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, मला तोंडावर खोटं सांगितलंत?" आणि काठी हाणली. काकांना नाही, वाचनालयाच्या खिडकीवर. त्यानंतर सगळ्यांचाच तोल सुटला. फळा फोडला, सतरंजी रस्त्यावर, कपाट आडवं. "आम्हाला मूर्ख बनवता काय?" ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच. आम्हा पाचांना शिव्या, धक्काबुक्की, गिरणीवाल्याचा ओठ फुटला. त्या गोंधळात नवऱ्याने किल्लीवाल्याला मागच्या दाराने काढलं आणि काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये पोत्यांच्या आड बसवून दिलं. सायकल तशीच राहिली. तिची चाकं कुणीतरी वाकवून टाकलीत.

तो जिवंत गेला. मी हे दोनदा लिहिणार आहे. तो जिवंत गेला.

९ मार्च, रविवार

अध्यक्षांनी कार्यशाळेच्या खोलीची किल्ली काढून घेतली. या वेळी हसले नाहीत.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असेल तर नवऱ्याला सांगतात.

कार्यशाळा नव्हतीच, पण नर्सबाई आल्या आणि फुटक्या खिडकीखाली बसून राहिल्या. त्यांच्या एका पेशंटच्या पोराला ताप होता, मान वाकवता येत नव्हती. त्यांनी आईला सांगितलं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. आई म्हणाली, "का? कपाळाला आठी पडते का बघताय?" नर्सबाई तिच्या पाया पडल्या. स्वतःच्या मुलांची शपथ घातली, तेव्हा कुठे ती उठली. पोर वाचेल, असं म्हणतात. "ताई," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी नुसतं सांगायचे आणि लोक ऐकायचे." दोघी रडलो.

१३ मार्च, गुरुवार

वजनकाट्याच्या भिंतीशी कुणी नाही. लोक त्या जागेला वळसा घालून जातात. नवऱ्याने आणि गिरणीवाल्याने मिळून सायकलची चाकं सरळ करून आणलीत. ती केबिनमध्ये उभी आहे.

तो परत आला नाही तर आपण त्याच्या पोटावर पाय आणला, एवढंच डोक्यात घुमतंय. आणि आला तर लोक काय करतील, ही भीती वेगळीच.

२० मार्च, गुरुवार

आला. कपाळावर टाके, शर्ट इस्त्रीचा. नवऱ्याने सायकल दिली तर सीटवरून हात फिरवत राहिला. नवरा म्हणाला, "दुसरीकडे बसला असतास." तो म्हणाला, "साहेब, सगळ्या गावांत आता हीच बोंब आहे. निदान इथे तरी खोटं होतं हे कळलंय." बसला. दिवसभर कुणी आलं नाही. तोही गप्प. तो गप्प बसलेला बघवत नव्हता.

मी ठरवलं आहे. पुढच्या गुरुवारी मी जाणार.

२७ मार्च, गुरुवार

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, घराचं कुलूप काढून त्याच्याकडे घेऊन गेले. वाचनालयाचं नाही, पेटीचं नाही. घराच्या पुढच्या दाराचं. मोठ्या आवाजात म्हटलं, "एक किल्ली करून दे, आमची एक हरवलीय." हरवलेली नव्हती. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने कुलूप हातात घेतलं.

मी समोर बसून राहिले. आजूबाजूची भाजीवाल्यांकडची गर्दी हळूच सरकत बघायला आली. मेव्हणाही होता, लांब उभा. किल्लीवाला पहिल्यांदा काही बोलेना. मग कानशीचा आवाज सुरू झाला आणि थोड्या वेळाने त्याचं तोंडही सुरू झालं. बहिणीला मुलगा झाला म्हणे. मला रडू आलं, मी ते पदराने टिपलं.

किल्ली लागली. मी सगळ्यांना दिसेल अशी दोनदा लावून, काढून दाखवली. उठले तेव्हा मागे शेजारीण उभी होती, तीच, चिमुरडीची आई, हातात कुलूप घेऊन. तिच्या मागे आणखी एक. दोघींनी किल्ल्या करून घेतल्या. जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. सासूबाईंनीसुद्धा "भात घे अजून" असं मला, थेट मला, म्हटलं.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पुढच्या दारासाठी नवीन कुलूप आणलं. जुनं जरा सैल लागत होतं. नवरा म्हणाला, "अगं, सकाळी तर त्याचीच किल्ली करून आणलीस." मी म्हटलं, हो, पण सैल लागतं.

दुकानदाराने कुलूप कागदात गुंडाळताना सांगितलं, की मघाशीच आमची शेजारीण आणि तिच्यासोबतची ती दुसरी, दोघी असंच कुलूप घेऊन गेल्या. त्यांचीही जुनी झाली असणार.